पिकअपचं ॲक्सिलरेटर पेडल दाबलं की अडकून राहतं, केबल बदलावीच लागेल का?

लगेच नको, आधी इंजिन बंद करून थ्रॉटल बॉडीकडचं (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) केबलचं टोक काढा आणि तिथला लिव्हर हाताने फिरवून सोडा. अडखळला तर आत कार्बन जमलाय, तो क्लीनरने साफ करा, नवीन केबल टाकून काही फरक पडणार नाही. टक्कन परत आला तर दोष केबलमध्ये नाहीतर पेडलच्या पिव्हटमध्ये, म्हणजे पेडल ज्यावर हलतं त्या सांध्यात (पायाखालची मॅट पण बघा, कधीकधी तीच आडवी येते). गॅरेजमध्ये हेच काम करतो, केबल बऱ्याचदा पेडलकडच्या टोकाला झिजते, तिथे एक जरी तार तुटून वर आलेली दिसली तर तेल-ग्रीस करत बसू नका, सरळ बदला आणि तोवर गाडी चालवू नका. इलेक्ट्रॉनिक पेडलवाल्या गाडीत मात्र ही केबलच नसते.