आवर्तसारणीतले 'आवर्त' नेमके कोठे असते?

प्रश्न असा आहे: 'भूगोलात आवर्त म्हणजे गरगर फिरणारे वारे आणि कोशात आवर्त म्हणजे पाण्यातला भोवरा. मग मूलद्रव्यांच्या चौकटींच्या तक्त्यात, जेथे काहीच फिरत नाही, तेथे हा शब्द कसा आला? सारख्या गुणधर्मांची मूलद्रव्ये उभ्या स्तंभात एकाखाली एक येतात, तर आवर्त हे नाव आडव्या ओळीला का? आणि आवर्तसारणी लिहावे की आवर्ती सारणी?'

शब्दाच्या मुळाशी 'वृत्' हा धातू असून 'आ' या उपसर्गामुळे त्याला वळून परत येण्याचा अर्थ मिळतो. आवृत्ती, पुनरावृत्ती, आवर्तन हे सगळे याच कुळातले शब्द. भोवऱ्यात पाणी फिरून पुन्हा त्याच बाजूला येते, म्हणून तो आवर्त. पण शब्दाचा गाभा पाणी किंवा वारा हा नसून 'एक पूर्ण फेरी' हा आहे. इंग्रजीतल्या 'पीरियड'चे मूळ असलेल्या ग्रीक 'पेरिओडोस'मध्येही 'पेरि' म्हणजे भोवती आणि 'होडोस' म्हणजे वाट, अर्थात फिरून येणारी वाट, असाच अर्थ आहे. त्यामुळे ही मराठी संज्ञा मला नुसत्या सोयीची नव्हे, तर मुळाला धरून केलेली वाटते.

आडव्या ओळीविषयीच्या शंकेचे उत्तर तबल्याच्या ठेक्यात सापडते. तीनतालाचे आवर्तन म्हणजे समेपासून पुढच्या समेपर्यंतच्या 16 मात्रा. सम हे त्या फेरीतले केवळ एक ठिकाण. दहा आवर्तने झाली तर दहा समा एकाखाली एक मांडता येतील, पण त्या उभ्या रांगेला कोणी आवर्तन म्हणणार नाही. सारणीतही फेरी म्हणजे आवर्त, आणि प्रत्येक फेरीत त्याच जागी भेटणाऱ्या मूलद्रव्यांचा समूह म्हणजे गण. पुनरावृत्ती गणात दिसते हे खरे, पण ती घडते आवर्त पूर्ण झाल्यामुळे.

ही फेरी एकदा खरोखरच गोल काढली गेली होती. 1862 मध्ये शांकुर्त्वा या फ्रेंच भूवैज्ञानिकाने एका नळकांड्याच्या परिघाचे 16 समान भाग पाडले आणि त्याभोवती मळसूत्रासारख्या चढत जाणाऱ्या रेषेवर मूलद्रव्ये त्यांच्या अणुभारांच्या क्रमाने मांडली. लिथियमचा अणुभार सुमारे 7, सोडियमचा 23 आणि पोटॅशियमचा 39; दर वेळी फरक 16 चा, म्हणजे बरोबर एका वेढ्याचा, त्यामुळे ही तिन्ही एकाच उभ्या रेषेत आली. (तीनतालाच्या मात्राही 16, हा निव्वळ योगायोग.) हीच तीन नावे डोबेरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या 1829 च्या त्रिकांतही (सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांच्या गटांतही) आहेत, पण तेथे 23 ही 7 आणि 39 यांची सरासरी एवढेच दिसते, फेरी दिसते ती मळसूत्रावर. दुर्दैवाने शांकुर्त्वाचा निबंध आकृतीशिवाय छापला गेला आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ते नळकांडे उभे चिरून सपाट पसरले, तर प्रत्येक वेढ्याची एक तिरकस ओळ होईल. ती सरळ केली की आजच्या सारणीतले आवर्त.

ओळ आडवीच असावी, असेही काही शब्दात नाही. मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाच्या 1869 च्या पहिल्या तक्त्यात अणुभार वरून खाली वाढत जात आणि सारखी मूलद्रव्ये आडव्या ओळींत येत. 1871 च्या तक्त्यात त्याने मांडणी फिरवली आणि गण उभे केले. म्हणून 'आडवी ओळ म्हणजे आवर्त' हे आजच्या मांडणीचे वर्णन म्हणून चालेल. व्याख्या म्हणून ते अपुरे आहे.

तबल्याची उपमा मात्र एका ठिकाणी सोडावी लागते. ताल चालू असेपर्यंत मात्रांची संख्या बदलत नाही. मूलद्रव्यांची आवर्ते मात्र 2, 8, 8, 18, 18, 32 आणि 32 अशी लांबत जातात, आणि त्यांची बेरीज 118 होते. न्यूलँड्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचे, संगीतातल्या स्वरांवरून नाव दिलेले अष्टक येथेच अडले. दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे असते, हा त्याचा नियम कॅल्शियमपर्यंत ठीक चालला, पुढे विसकटला. शिवाय हेलियम, निऑन यांसारखे राजवायू तेव्हा माहीत नव्हते, नाहीतर आठवा स्वर नववा झाला असता. लांबी का वाढते, हे इलेक्ट्रॉनांची कवचे आणि उपकवचे समजल्यावर कळले. फेरी कशाच्या क्रमाने मोजायची, हेही 1913 मध्ये मोझली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाच्या क्ष-किरणांवरील प्रयोगांनंतर बदलले, अणुभाराऐवजी अणुअंक (अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांची संख्या) आला: टेल्युरियमचा अणुभार 127.6 आणि आयोडीनचा 126.9 असूनही टेल्युरियम आधी येते, कारण त्याचा अणुअंक 52 आहे आणि आयोडीनचा 53.

आता 'आवर्ती'विषयी. जे स्वतः पुनःपुन्हा येते ते आवर्ती. 1 ला 7 ने भागल्यास 0.142857142857... असे येणारे अपूर्णांकाचे रूप आवर्ती दशांश, कारण त्यातले अंक परततात. बँकेतली आवर्ती ठेव, कारण ठरलेली रक्कम दरमहा पुन्हा भरायची असते. सारणी स्वतः परतत नाही, परततात ते गुणधर्म. म्हणून तक्त्याला आवर्तांची सारणी या अर्थी 'आवर्तसारणी' हा जोडून लिहिलेला तत्पुरुष समासच योग्य, आणि गुणधर्मांची पुनरावृत्ती सांगणाऱ्या नियमाला 'आवर्ती नियम' म्हणणेही तितकेच योग्य. आवर्त शब्द संस्कृतात पुल्लिंगी असला, तरी या अर्थाने मराठीत तो नपुंसकलिंगी रुळला आहे: सारणीत 'सात आवर्त' नसून 'सात आवर्ते' असतात, आणि गण मात्र अठरा.