रेडिओवरचा पियानो: वाचकांचे प्रश्न

रेडिओवर पाश्चात्त्य अभिजात पियानो लागला की तुम्हाला काय वाटतं, असं गेल्या अंकात विचारलं होतं. ‘झोप येते’ आणि ‘फार छान वाटतं’ एवढंच लिहिलेली पत्रं बाजूला ठेवली आहेत. ज्यांत काहीतरी खटकलंय किंवा कोडं पडलंय, तीच इथे घेतली आहेत.

मोबाइलवरून इंटरनेट रेडिओ गाडीत लावते. पियानोचा हळू भाग ऐकूच येत नाही, म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्या क्षणी दचकायला होतं. असं का? (पुणे)

ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या गाडीत साधारण ६५ ते ७० डेसिबल गोंगाट कायम असतो. मैफलीत पियानोचा अगदी हळू सूर ४० डेसिबलच्या आसपास उतरतो आणि दोन्ही हातांनी जोरात वाजवलेल्या कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार सूर) ९० च्या वर जातात. म्हणजे अर्धी रचना गोंगाटाखाली बुडालेली असते. सिनेमाची गाणी अशी बुडत नाहीत, कारण त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणातच एका पातळीवर दाबून आणलेला असतो.

अभिजात संगीताची स्टेशनंही प्रक्षेपणाआधी कॉम्प्रेसर वापरतात, काही जास्त, काही कमी. हा कॉम्प्रेसर जोराचा आवाज खाली ओढतो आणि हळू आवाज वर उचलतो. व्हायोलिनला ते फारसं बाधत नाही. पियानोचं दुखणं वेगळं. हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून सूर विरतच जातो, वाजवणाऱ्याला तो पुन्हा फुगवता येत नाही. विरणारा सूर कॉम्प्रेसरने उचलला की तो विरायच्या ऐवजी तरंगत राहतो आणि मागची खरखरही त्याच्याबरोबर वर येते. ‘पियानो ऑर्गनसारखा वाटतो’ असं दोघांनी लिहिलंय, त्याचं कारण बहुधा हेच.

गाडीत आवाज जोराच्या भागावर जुळवून ठेवा आणि पुन्हा हात लावू नका. बाख आणि स्कार्लात्ती गाडीत चालतात. त्यांची बरीचशी रचना हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यासाठी आहे, आणि त्या वाद्यात पट्टी जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही. त्यामुळे हळू-जोराचं अंतर मुळातच कमी. बेथोवनचा ‘आपासिओनाता’ मात्र घरासाठी ठेवा. तो कुजबुजत सुरू होतो आणि पहिल्या मिनिटातच अंगावर येतो.

रचना संपल्यावर ‘स्टेशन बंद पडलं’ असं वाटून सुई फिरवणाऱ्यांसाठीही हेच उत्तर. लिस्टचा बी मायनर सोनाटा सुमारे अर्धा तास चालतो आणि एका खालच्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या सुरावर थांबतो. त्यानंतरची शांतता निवेदक मुद्दाम तोडत नाहीत. शांतता फार लांबली तर मात्र स्टेशनची यंत्रणा ती बिघाड समजून आपोआप पर्यायी कार्यक्रम सुरू करते. म्हणूनच बीबीसी रेडिओ ३ ने जानेवारी २००४ मध्ये जॉन केजची एकही सूर नसलेली ‘४ मिनिटं ३३ सेकंद’ ही रचना प्रसारित केली, तेव्हा ती यंत्रणा आधी बंद करून ठेवावी लागली होती.

तीस वर्षं ख्याल ऐकतोय. पियानो मला बेसूर लागतो. मुलगी म्हणते, बाबा, तो ट्यून केलेलाच असतो. कोणाचं खरं? (मिरज)

दोघांचंही. तानपुऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून शुद्ध गंधार आपोआप उमटतो. तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (सप्तकाचे १२०० सेंट). पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून तिथला गंधार ४०० सेंटवर येतो, म्हणजे १४ सेंट चढा. शुद्ध निषाद १२ सेंट चढा, कोमल गंधार १६ सेंट उतरलेला. पंचम फक्त २ सेंट कमी, तो खटकत नाही. मधल्या सप्तकातली पांढरी एक आणि पांढरी तीन एकदम दाबून धरलीत तर सेकंदाला सुमारे १० हेलकावे ऐकू येतात. तुमच्या कानाला खुपतात ते हेलकावे. ही तडजोड नसती तर एकाच वाद्यावर बाराही पट्ट्यांत वाजवता आलं नसतं.

त्यात आणखी एक भर. पियानोची तार जाड आणि ताठ असते, त्यामुळे तिचे वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर निघणारे बारीक सूर) थोडे चढे निघतात. ट्यूनर त्यांच्याशी जुळवून घेतो, म्हणून अगदी वरचं सप्तक किंचित चढं आणि अगदी खालचं किंचित उतरतं लावलेलं असतं. ती चूक नव्हे.

ही तक्रार जुनी आहे आणि तिला सरकारी शिक्कामोर्तबही मिळालं होतं. अशाच बांधील स्वरांमुळे आणि मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७० चं दशक उजाडलं. गंमत म्हणजे हार्मोनियमविरुद्ध १९३८ मध्ये लेख लिहिणारे जॉन फोल्ड्स हे ब्रिटिश संगीतकार होते आणि दिल्ली केंद्राचा पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत होते!

ऐकायचं कसं? षड्ज धरून बसू नका. शोपँचा ई मायनर प्रेल्यूड ही छोटी रचना (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक २८, त्यातली क्रमांक ४) मिळवा. फक्त २५ बार (आवर्तनासारखे तुकडे), दोन-अडीच मिनिटं. सुरुवातीला उजवा हात जवळजवळ एकाच सुरावर बसलेला आहे. ई हा सा धरला तर तो पंचम, आणि मधूनमधून शेजारचा कोमल धैवत. पहिल्यांदा ऐकताना तेवढाच ऐका. दुसऱ्यांदा फक्त डावा हात ऐका. तिथल्या कॉर्ड एका वेळी एकेक सूर अर्ध्या स्वराने खाली सोडत जातात. तिसऱ्यांदा दोन्ही हात एकत्र ऐका. वरचा सूर तोच असतो, पण खालचा आधार सरकला की त्याचा भाव बदलतो. मींड जे काम करते, त्यातलं बरंचसं इथे हे सरकणं करतं. हे एकदा कानाला पटलं की १४ सेंट तितकेसे टोचत नाहीत. टोचलेच, तरी कान शाबूत असल्याची ती खूण समजा.

ऐकताना अंगावर काटा येतो, कधी डोळे भरून येतात. दुःख काही नसतं. हे नॉर्मल आहे ना? (नागपूर)

अगदी नॉर्मल. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये श्रोत्यांना नेमकी जागा विचारली होती. डोळे भरून येण्याच्या जागी बहुधा शेजारच्या सुराचा भार घेऊन मूळ सुरावर उतरणं सापडलं, आपल्याकडच्या कणस्वराच्या जवळचं. काटा येण्याच्या जागी हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी) अनपेक्षित वळण घेत होती. मिरजकरांना सुचवलेल्या प्रेल्यूडमधला कोमल धैवतावरून पंचमावर उतरणारा सूर पहिल्या प्रकारात मोडतो. तुमची जागा कोणती ते मिनिट-सेकंदासह टिपून ठेवा. पुढच्या वेळी बहुतेक तिथेच काटा येईल.

एफएमवर बाकी सगळं ठीक, पण पियानो लागला की मागे ‘हिस्स’ ऐकू येतं. (न्यू जर्सी)

ते कायम असतंच. पियानोच्या सुरांमध्ये मोकळी जागा असते, म्हणून तिथे ते उघडं पडतं. आधी रेडिओ मोनोवर टाका. स्टिरिओसाठी बराच जोरकस सिग्नल लागतो आणि मोनो केल्यावर खरखर लगेच खाली येते. पियानोत स्टिरिओ गेल्याने फारसं बिघडत नाही. त्यानेही भागलं नाही तर तारेचा द्विध्रुव (दोन सारख्या बाजूंचा) अँटेना करा. १४३ ला स्टेशनच्या मेगाहर्ट्‌झने भागा, मीटरमध्ये एकूण लांबी मिळते. १०० मेगाहर्ट्‌झला १.४३ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे ७१ सेंटिमीटर. तो खिडकीशी लावा, फ्रिज आणि वायफायच्या डब्यापासून दूर. एलईडी दिवे आणि स्वस्त चार्जर एकेक करून बंद करून पाहा. पुष्कळदा चोर तिथेच सापडतो.

पियानोच्या मागे कोणीतरी गुणगुणतं. दोन स्टेशनं मिसळतात का? (ठाणे)

नाही. ते बहुधा कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड. वाजवताना गुणगुणायची सवय त्यांना सोडता आली नाही आणि ध्वनिमुद्रकांना ती पुसता आली नाही. खुर्चीची करकरही त्यांचीच.

रचना आवडते, पण नाव कळेपर्यंत निवेदन संपलेलं असतं. शोधायची कशी? (नाशिक)

घड्याळातली वेळ टिपा आणि स्टेशनच्या संकेतस्थळावरच्या वाजलेल्या रचनांच्या यादीत पाहा. ब्रिटिश स्टेशन असेल तर हिवाळ्यात आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा, उन्हाळ्यात साडेचार. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर इथेच घोळ होतो. इंटरनेटवरचं प्रक्षेपण अर्धा-एक मिनिट मागे असू शकतं, म्हणून यादीत आधीची ओळही तपासा.

‘मोझार्टचा सी मेजर सोनाटा’ एवढं लिहून ठेवणं पुरत नाही, कारण एकट्या पियानोसाठी त्यांचे तसे चार आहेत: के. २७९, ३०९, ३३० आणि ५४५. शिकणाऱ्या मुलांच्या हातात असतो तो ५४५. नावापुढचा क्रमांकच खरी ओळख, बाखचा बीडब्ल्यूव्ही (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) आणि बेथोवन-शोपँचा ओपस. आणि ‘के.’ दिसलं की संगीतकाराचं नाव पुन्हा वाचा. मोझार्टचा के. कोचेलच्या यादीतला असतो, स्कार्लात्तीचा के. कर्कपॅट्रिकच्या, आणि स्कार्लात्तीचे सोनाटे तर ५५५ आहेत.