बदललेल्या इंजिनाला गिअरबॉक्स पक्का कसा जोडावा?

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवल्यानंतर गिअरबॉक्स कुरकुरू लागल्याच्या तक्रारी या सदराकडे सातत्याने येतात. त्यांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बाकीच्या शंकांचे मूळही तिथेच आहे.

प्रश्न : माझ्याकडे जुनी सीजे-३बी जीप आहे. तिचे मूळ पेट्रोल इंजिन काढून एका गॅरेजमध्ये प्युजो एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन बसवून घेतले. गिअरबॉक्स जुनाच ठेवला असून मध्ये लोखंडी अडॅप्टर प्लेट (न जुळणाऱ्या दोन भागांना जोडणारी मधली प्लेट) घातली आहे. तेव्हापासून क्लच प्लेटचा हब दोनदा तुटला, पायलट बुश (क्रँकच्या मागच्या भोकातले, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणारे बुश) एका बाजूने झिजले आणि घाटात चढावर टॉप गिअर आपोआप निसटतो. मेकॅनिक दर वेळी बोल्ट अधिक आवळून देतात. आणखी जाड बोल्ट लावावेत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जाड बोल्ट लावू नयेत. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे एकत्र दिसत असतील, तर क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टचा) मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा (इंजिनाकडून जोर घेणाऱ्या पुढच्या शाफ्टचा) मध्य एका रेषेत नाहीत, हा संशय सर्वांत आधी घ्यावा लागतो. बोल्टचे काम दोन भाग एकमेकांवर दाबून धरण्याचे असते, ते भाग नेमक्या जागी आणण्याचे नसते. बोल्टचे भोक बोल्टपेक्षा थोडे मोठेच असते, त्यामुळे बोल्ट आवळताना जोडणी ज्या बाजूला कललेली असेल त्याच बाजूला ती कायमची पकडली जाते. नेमकी जागा धरून ठेवण्याचे काम डॉवेल पिनांचे, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या बिनआट्यांच्या पिनांचे, आहे. कारखान्यात बनलेल्या इंजिनाच्या मागच्या तोंडावर साधारणपणे दोन डॉवेल असतात आणि बेल हाउसिंगला (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाला) त्यांच्या मापाची, रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवलेली भोके असतात. अडॅप्टर प्लेट मध्ये आली की हा मूळ संबंध तुटतो. आपल्या जीपमध्ये ब्लॉक आणि प्लेट, प्लेट आणि बेल हाउसिंग, बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्स असे तीन सांधे झाले आहेत आणि प्रत्येक सांध्यातील थोडीथोडी चूक शेवटी इनपुट शाफ्टच्या टोकाशी एकत्र होते.

मूळ पेट्रोल इंजिन २१९९ सीसीचे आणि हे डिझेल २११२ सीसीचे, म्हणजे आकारमानात दोन्ही जवळजवळ सारखी आहेत. मात्र डिझेलचे कॉम्प्रेशन दुपटीहून अधिक असल्यामुळे प्रत्येक ज्वलनाचा धक्का फ्लायव्हीलमार्गे क्लच प्लेटच्या हबवर कितीतरी जोराने येतो. पेट्रोल इंजिनाने निभावून नेलेली चूक डिझेल इंजिन थोड्याच दिवसांत उघडी पाडते. टॉप गिअरमध्ये इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात. इनपुट शाफ्ट तिरका फिरत असेल तर प्रत्येक फेऱ्यात तो त्या पकडीला किंचित बाहेर ढकलतो, आणि चढावर जोर आला की गिअर निसटतो. गिअरबॉक्स उघडून सिंक्रो किंवा फोर्क (गिअर जुळवणारे व सरकवणारे भाग) बदलण्यापूर्वी पुढील तपासणी अवश्य करावी.

गिअरबॉक्स आणि क्लच उतरवून फ्लायव्हील व बेल हाउसिंग जागेवर ठेवावे. चुंबकी स्टँडचा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे तबकडीचे साधन) फ्लायव्हीलवर बसवून त्याची सुई बेल हाउसिंगच्या मागच्या गोल बोअरच्या आतील कडेला टेकवावी. गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगची कॉलर याच बोअरमध्ये बसते, म्हणून माप इथेच घ्यायचे. बोअरमधील गंज आणि जुना रंग आधी पूर्ण घासून काढावा, नाहीतर गेज त्या पापुद्र्याचेच माप दाखवील. इंजिनाचे हीटर प्लग काढून कॉम्प्रेशन मोकळे करावे आणि क्रँक हाताने सावकाश फिरवत घड्याळातील १२, ३, ६ आणि ९ या जागी आकडे लिहून घ्यावेत. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतील फरक ०.१३ मिलिमीटरच्या, म्हणजे पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आत असावा. प्रत्यक्ष सरकलेपण या फरकाच्या निम्मे असते. गेजने एकूण ०.६० मिलिमीटर दाखवले तर बोअरचा मध्य ०.३० मिलिमीटरने बाजूला आहे, असा त्याचा अर्थ. ज्या बाजूला सुई सर्वांत जास्त आत दाबली जाते, त्या बाजूला कड क्रँकच्या सर्वांत जवळ असते, म्हणून बेल हाउसिंग त्याच बाजूला सरकवावे लागते. या दिशेबाबत चांगल्या फिटरचाही घोटाळा होतो, तेव्हा सरकवल्यावर माप पुन्हा घ्यावेच.

त्यानंतर सुई बेल हाउसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर ठेवून तेच मोजमाप करावे, म्हणजे तोंड क्रँकला काटकोनात आहे की नाही ते कळेल. या वेळी क्रँक पुढे किंवा मागे अशा एकाच दिशेला दाबून धरावा, अन्यथा त्याची लांबीतील मोकळीक आकड्यांत मिसळते. तोंड तिरके निघाले आणि प्लेट वेल्डिंगने जोडून बनवलेली असली, तर उष्णतेने ती वाकली असण्याचा संभव मोठा आहे. अशी प्लेट दुरुस्त करण्यात पैसे घालू नयेत. नवी करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात लेथ आणि मिलिंगची कामे करतो. गिऱ्हाईक इंजिनाच्या तोंडावर पुठ्ठा ठेवून ठोकून काढलेला आराखडा आणतात आणि त्यावरून अडॅप्टर प्लेट मागतात. यात नेमके काय चुकते आणि काम कोणत्या क्रमाने करावे?

उत्तर : पुठ्ठ्यावरून बोल्टची भोके काढता येतील, पण मध्य काढता येणार नाही. पुठ्ठा ताणला जातो, कडा दबतात आणि त्यातून अर्धा-एक मिलिमीटरची चूक सहज होते, तर आपल्याला मोकळीक आहे ती ०.१३ मिलिमीटरची. गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष ब्लॉक आणि बेल हाउसिंग आणायला सांगावे.

प्लेटची दोन्ही तोंडे समांतर घासून घ्यावीत. बोल्टची भोके बोल्टच्या मापापेक्षा साधारण एक मिलिमीटर मोठी ठेवावीत आणि डॉवेलची भोके त्या टप्प्यावर पाडूच नयेत. प्लेट व हाउसिंग इंजिनावर हलक्या हाताने बांधून, वर सांगितल्याप्रमाणे डायल गेज लावून, लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत मध्य साधावा. तो साधला की बोल्ट पूर्ण आवळून पुन्हा माप घ्यावे आणि मगच दोन्ही भागांतून एकत्र ड्रिल मारून, रीमर फिरवून डॉवेल ठोकावेत. एकदा असे डॉवेल बसले की पुढे कितीही वेळा गिअरबॉक्स उतरवला तरी तो त्याच जागी परत येतो. माझ्या मते या कामाच्या मजुरीतला सर्वांत मोठा वाटा या शेवटच्या टप्प्यासाठी घ्यावा, आणि गिऱ्हाइकानेही तो आनंदाने द्यावा.

प्लेटची जाडी ठरवताना आणखी एक हिशेब लागतो. प्लेट जितकी जाड, तितका गिअरबॉक्स मागे जातो. तेवढ्याच अंतराने इनपुट शाफ्टचे टोक पायलट बुशातून बाहेर येते, क्लच प्लेटचा हब शाफ्टवरील स्प्लाइनच्या (लांब खाचांच्या) टोकाकडे सरकतो आणि रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या बोटांपासून लांब पडते. म्हणून क्रँकच्या मागच्या भोकात बसणारे लांब पायलट बुश खरादून द्यावे लागते. शाफ्टचे टोक बुशात पुरेसे शिरले पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. टेकले तर गिअरबॉक्स आवळताना क्रँक पुढे ढकलला जातो आणि थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढेमागे हालचाल रोखणारा) जळतो. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास फ्लायव्हीलप्रमाणे आणि मधला स्प्लाइन हब गिअरबॉक्सप्रमाणे घ्यायचा असतो. स्टार्टरचे पिनियन रिंग गिअरवर किती आत येते हेही प्लेट अंतिम करण्यापूर्वी पाहावे. जीपसारख्या चार चाकी ओढीच्या गाडीत गिअरबॉक्स मागे गेला की ट्रान्सफर केसही मागे जातो, म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट प्लेटच्या जाडीइतका आखूड आणि पुढचा तेवढाच लांब लागतो. सरकत्या सांध्यात तेवढी जागा आहे का, ते मोजून पाहावे.

प्रश्न : गिअरबॉक्स शेवटचे दोन सेंटिमीटर आत जात नाही, तेव्हा लांब बोल्ट लावून तो ओढून घेतात. हे योग्य आहे का? (आयटीआयचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : अजिबात नाही. क्लच प्लेट मध्यावर असेल, स्प्लाइन जुळले असतील आणि टोक बुशासमोर असेल, तर गिअरबॉक्स हाताने ढकलून तोंडाला तोंड लागेपर्यंत जातो. फट राहिली तर काहीतरी अडले आहे आणि बोल्टने ओढल्यास क्लच प्लेटचा हब, पायलट बुश किंवा हाउसिंगचा कान यांपैकी एक तुटतो. गिअरबॉक्स मागे घेऊन कारण शोधावे.

सोपा उपाय असा : दोन लांब बोल्टांची डोकी कापावीत, कापलेल्या टोकांना हॅकसॉने स्क्रू ड्रायव्हर बसेल एवढी खाच पाडावी आणि समोरासमोरच्या दोन भोकांत ते हाताने फिरवून बसवावेत. गिअरबॉक्स जॅकवर ठेवून या दोन दांड्यांवरून सरळ सरकतो. त्याचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नये, कारण तेवढ्यानेही क्लच प्लेटचा हब वाकतो आणि पुढे क्लच नीट सुटत नाही. सर्व बोल्ट हाताने लागल्यावर दांड्या काढून त्यांच्या जागी बोल्ट लावावेत व समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ८.८ ग्रेडचा १० मिलिमीटरचा बोल्ट लोखंडी ब्लॉकमध्ये कोरड्या, स्वच्छ आट्यांवर साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरचा ८० ते ८५ न्यूटन-मीटर घेतो. इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तकाचाच पाळावा. अॅल्युमिनियममध्ये आटे लवकर जातात, तिथे बोल्ट त्याच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आत गेलेला असावा.

प्रश्न : मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो. शेजाऱ्याच्या जुन्या शेव्हरोले पिकअपमध्ये नंतरच्या काळातील ३५० (घनइंच) इंजिन आणि जुना टीएच ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आम्ही दोघे मिळून बसवत आहोत. क्लच नसल्याने वरच्या अडचणी येणार नाहीत ना?

उत्तर : मध्य साधण्याची गरज तशीच राहते, फक्त तुटणारी वस्तू बदलते. १९८६ पासूनच्या स्मॉल ब्लॉक (शेव्हरोलेच्या या व्ही-८ घराण्यातल्या) इंजिनांत मागचे ऑइल सील अखंड आले आणि क्रँकच्या मागच्या बोल्टांचे वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आले, त्यामुळे जुन्या इंजिनाची फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी येणारी पातळ प्लेट) त्यावर बसत नाही. नव्या क्रँकसाठीच्या फ्लेक्सप्लेटला संतुलनाचे वजनही जोडलेले असते. तिचे दाते १५३ की १६८, हे स्टार्टरशी जुळवून घ्या. मशीन शॉपमधून परत आलेल्या ब्लॉकमध्ये डॉवेल अनेकदा काढलेले असतात, तेव्हा ते जागेवर आहेत का हे आधी बोटाने चाचपून पाहा.

टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा भाग) गिअरबॉक्समध्ये फिरवत बसवताना तो तीन टप्प्यांत खाली जातो, कारण त्याला दोन स्प्लाइन आणि पंपाची खाच अशा तीन ठिकाणी अडकायचे असते. हाउसिंग ब्लॉकला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि त्याच्या व फ्लेक्सप्लेटच्या मध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे, जी भरण्यासाठी कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावायचे असतात. फट नसेल तर तो पंपात पूर्ण बसलेला नाही. तसेच आवळले तर पंप फुटतो, तोही पहिल्यांदा गाडी सुरू करतानाच.

प्रश्न : प्लेट आणि बेल हाउसिंगमध्ये सिलिकॉन लावावे का? आणि इंजिन बदलल्यावर आरटीओकडे जावे लागते का? (एक वाचक, जालना)

उत्तर : सिलिकॉन लावू नये, रंगही नको. बेल हाउसिंग कोरडे असते, तिथे तेल अडवायचे नसते आणि मऊ थर दबला की बोल्ट ढिले पडतात. दोन्ही तोंडे धातू धातूला लागतील अशी स्वच्छ करावीत. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्यावेत व त्यांना मध्यम ताकदीचा थ्रेड लॉकर लावावा.

आरटीओकडे मात्र इंजिन बसवण्यापूर्वीच जावे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून नोंदणी पुस्तकात नोंद करून घ्यावी लागते. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले असल्यामुळे, वेगळ्या बनावटीचे इंजिन विकत घेण्याआधी लेखी विचारणा करावी. जुन्या इंजिनाचे बिल, नव्याचे बिल आणि इंजिन क्रमांकाचा स्वच्छ फोटो त्या अर्जासोबत जोडावा, आणि परवानगी हातात आल्यानंतरच प्लेटचे काम टर्नरकडे द्यावे.