सजावटीसाठी जुनी शिडी किंवा छोटा जिना निवडताना काय पाहावे?

आपण विचारले आहे की, दिवाणखान्यात शोभेसाठी एखादी जुनी लाकडी शिडी किंवा छोटा जिना ठेवायचा झाल्यास तो कसा निवडावा आणि त्यावरच्या 'अँटीक' किंवा 'व्हिंटेज' या चिठ्ठीला किती महत्त्व द्यावे. जुन्या लाकडी सामानाची पारख आणि डागडुजी हा माझा बऱ्याच वर्षांचा छंद आहे, त्या आधारावर लिहितो.

चिठ्ठ्यांचा विषय आधी उरकतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटीक म्हणण्याचा प्रघात आहे. व्हिंटेज हा शब्द मात्र फार सैल आहे आणि विक्रेते तो सोयीने वापरतात. माझ्या मते, ती वस्तू मुळात कोणत्या कामासाठी घडवली गेली होती हे आधी ओळखावे, कारण ते कळल्याशिवाय तिच्यावरची झीज खरी आहे की केलेली, हे ठरवता येत नाही.

बाजारात 'जुना जिना' या नावाखाली अगदी भिन्न वस्तू एकत्र येतात. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात खासगी ग्रंथसंग्रहांची कपाटे उंच होत गेली, तशा वरच्या फळीपर्यंत पोहोचवणाऱ्या सुबक पायऱ्या बनू लागल्या. त्यातलाच एक चतुर प्रकार म्हणजे उलटली की पायऱ्या होणारी खुर्ची; लंडनच्या मॉर्गन अँड सँडर्स या कारखानदारांची अशी खुर्ची 1811 साली बरीच गाजली. उंच पलंगावर चढण्यासाठी केलेल्या पायऱ्या वेगळ्या: त्या बुटक्या, बहुधा तीन पायऱ्यांच्या, वर चामडे किंवा गालिचा बसवलेल्या असतात आणि त्यांतल्या एखाद्या पायरीचे झाकण उघडले, तर आत रात्री लघवीसाठी वापरायच्या भांड्याची जागा निघते. (विक्रेते या कप्प्याचे वर्णन 'दागिन्यांसाठी' असे करतात, ते हसून सोडून द्यावे.) फळबागेतली शिडी खाली रुंद, वर निमुळती असते आणि ऊन-पावसाने तिचे लाकूड राखाडी झालेले असते. शिवाय फ्रान्समधल्या कारागीर संघांतले सुतार आपले कौशल्य दाखवण्यासाठी जिन्यांच्या लहान प्रतिकृती घडवत. न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट संग्रहालयात त्यांचा उत्तम संग्रह आहे. जागा कमी असेल, तर टेबलावर मावणारी अशी प्रतिकृती मला मोठ्या शिडीपेक्षा अधिक शोभिवंत वाटते. मात्र तिच्यावर चढण्याची झीज असण्याचे कारणच नसल्यामुळे तिथे कठड्याचे वळण आणि सांध्यांची सफाई एवढेच पाहायचे असते.

आता झिजेकडे येतो. चढणारा माणूस पाऊल पायरीच्या पुढच्या कडेवर, साधारण मधोमध टाकतो. त्यामुळे खरी झीज त्या जागी किंचित खोलगट असते, दोन्ही टोकांकडे कमी होत जाते आणि अनेकदा खालच्या पायऱ्यांवर वरच्यांपेक्षा जास्त दिसते. डोळे मिटून अंगठा कडेवरून फिरवला, तर हा उतार नजरेपेक्षा लवकर कळतो. हात धरण्याच्या उंचीवर उभे दांडे गुळगुळीत आणि काळसर झालेले असतात, तर जमिनीला टेकणाऱ्या टोकांचे कंगोरे पार बोथट झालेले असतात. खोटे जुनेपण मात्र सगळीकडे सारखे असते: साखळीने ठोकून पाडलेले खळगे पायरीच्या खालच्या अंगालाही तितकेच दिसतात. तिथे कोणाचे पाऊल कसे लागले असेल, असे मी विक्रेत्याला विचारतो आणि बहुधा पुढची घासाघीस सोपी जाते. आणखी एक खूण पाहण्यासारखी आहे. लाकूड सगळ्या दिशांनी सारखे आक्रसत नाही, त्यामुळे कातलेले गोल दांडे कालांतराने किंचित लंबगोल होतात. कॅलिपरने आडवा आणि उभा व्यास मोजला, तर हा फरक पकडता येतो.

लोखंडही बोलते. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू 1930च्या दशकातला आहे, आणि तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. पण एखादा नवा स्क्रू दिसला म्हणून वस्तू नाकारू नये, कारण वापरातली शिडी दुरुस्त होतच असते. शंका तेव्हा घ्यावी, जेव्हा सगळेच स्क्रू नवे असतात आणि शेजारी जुन्या छिद्रांचा किंवा गंजाच्या डागांचा मागमूसही नसतो.

किडीच्या बाबतीत भीड बाळगू नये. एक-दोन मिलिमीटरची जुनी छिद्रे चालतात; परंतु शिडी काळ्या कागदावर ठेवून हलकेच ठोकल्यावर फिकट, ताजा भुसा पडला, तर कीड जिवंत असण्याची शक्यता धरावी आणि उपचार झाल्याशिवाय ती घरातल्या इतर फर्निचरजवळ आणू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून पोपडे कोरडे घासून काढू नयेत, आणि लहान मुले असतील तर तशी वस्तू घेऊच नये.

राहिला मांडणीचा प्रश्न. सजावटीसाठी घेतलेल्या शिडीवर कोणीही चढणार नाही, हे घरात आधीच ठरवावे. जुने सांधे वरवर घट्ट दिसले, तरी भाराखाली दगा देतात. भिंतीला टेकवलेली शिडी वरून पट्टीने किंवा हुकाने बांधावी आणि पायांखाली रबर लावावे. घडीच्या शिडीची बिजागरी सैल असेल, तर दोन्ही बाजू आतून दोरीने जोडाव्यात. पुस्तके ठेवायची असल्यास जड ग्रंथ खालच्या पायऱ्यांवर आणि वर हलके काही ठेवावे. कुंड्या मात्र मी टाळतो, कारण पाण्याचे वर्तुळ एकदा उमटले की ते घालवण्यासाठी पृष्ठभाग खरवडावा लागतो, आणि ज्या झिजेसाठी आपण पैसे मोजलेले असतात, तीच त्यात निघून जाते. घरी आणल्यावर कोरड्या मऊ फडक्याने पुसून मधमाशांच्या मेणाचा पातळ हात द्यावा. नवे चकचकीत पॉलिश चढवू नये.