२० वॅटचं सोलर पॅनल ७ एएचच्या बॅटरीला थेट जोडलं तर चालेल का?

कुंपणाच्या झटका मशीनसाठी १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती करंट किती तास पुरेल याचं माप) सीलबंद बॅटरी आणि २० वॅटचं पॅनल, असा तुमचा संच आहे. दुकानदार म्हणतो थेट जोडा, कंट्रोलरचा (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग आवरणाऱ्या डब्याचा) खर्च कशाला. शेजारी म्हणतो पॅनल मीटरवर २१ व्होल्ट दाखवतंय, बॅटरी फुटेल. मी असल्या छोट्या जोडण्या करून देतो, म्हणून सांगतो: कंट्रोलर लावाच, पण शेजारी सांगतो त्या कारणासाठी नव्हे.

ते २१ व्होल्ट मोकळ्या पॅनलचे आहेत. ३६ सेलचं पॅनल कशालाच जोडलेलं नसलं की २१-२२ दाखवणारच. बॅटरीला जोडा आणि पुन्हा मीटर लावा, आकडा साडेबारा-तेरावर येऊन बसतो, कारण तिथे बॅटरीचं चालतं, पॅनलचं नाही. बघायचा असतो तो करंट. २० वॅटचं पॅनल भर उन्हात साधारण १.१ अँपिअर देतं. ७ एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीवर चार्जिंगचा कमाल करंट बहुधा २.१ अँपिअर छापलेला असतो, तुमच्या बॅटरीवर बघून घ्या. तेव्हा सकाळी उतरलेल्या बॅटरीला पॅनल थेट लावलं तर काही बिघडत नाही. दुकानदार खोटं बोलत नाही, फक्त सकाळपुरतंच बोलतो.

खरा घोळ बॅटरी भरल्यावर. तिचं व्होल्टेज १४.४ च्या वर चढायला लागतं, १५, मग त्याच्याही पुढे, आणि पॅनल काही थांबत नाही. साठवायला जागा उरली नाही की हा करंट आतल्या पाण्याचं विघटन करतो. सीलबंद बॅटरीत त्या वायूचं थोडंफार पुन्हा पाणी होतं, पण एवढा करंट तासन् तास चालू राहिला तर दाब वाढून व्हॉल्व्ह उघडतो आणि वायू बाहेर जातो. या बॅटरीत वरून पाणी घालायची सोय नाही, गेलं ते गेलं. एका दिवसात काहीच दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं थेट जोडणी चालते. पुढे उन्हाळ्यात बॅटरीच्या बाजू फुगतात, रात्री चार्ज टिकत नाही, आणि मग ‘मालच डुप्लिकेट होता’ म्हणून शिव्या खातो बॅटरीवाला.

थेट जोडणीत आणखी एक धोका आहे, तो फारसं कोणी सांगत नाही. बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन सुटलं तर पॅनलचे ते २१ व्होल्ट सरळ मशीनला मिळतात. तेवढे सोसण्यासाठी मशीन बनवलेलं असेलच असं नाही.

साधा पीडब्ल्यूएम (करंट भराभर चालू-बंद करून आवरणारा) कंट्रोलर पुरतो, ५ किंवा १० अँपिअरचा. तो १४.४ च्या आसपास करंट आवरतो, नंतर १३.७ ला धरून ठेवतो, रात्री बॅटरीतून पॅनलकडे उलटा करंट जाऊ देत नाही (वेगळा डायोड लागत नाही), आणि मशीन त्याच्या लोडच्या स्क्रूंना जोडलंत तर बॅटरी फार उतरण्याआधी ते बंदही करतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. बॅटरीच्या प्लसजवळ ३ अँपिअरचा फ्यूज टाका. बॅटरी छोटी दिसते, पण शॉर्ट झाली तर वायर लाल करते.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: २० वॅट पुरतील का? समजा मशीन ०.२५ अँपिअर घेतं आणि रात्री १२ तास चालतं. झाले ३ एएच. स्वच्छ उन्हाच्या दिवशी आपल्याकडे पॅनल चार-साडेचार तास पूर्ण ताकदीने चालल्याइतकं काम करतं, म्हणजे साडेचार-पाच एएच. चार्जिंगमधली घट धरूनही भागतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये ढग बसले की हेच उत्पादन निम्म्याखाली येतं, आणि मका-सोयाबीन उभं असतं ते नेमकं तेव्हाच. डुकरं काही ऊन पडायची वाट बघत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात मशीन चालवायचं असेल तर मी ४० वॅटचं पॅनल घेईन, आणि करंट दुप्पट होतो म्हणून बॅटरीही १२ एएचची.

पुरतंय की नाही हे ओळखायला मल्टीमीटर पुरे. पहाटे, ऊन यायच्या आत, मशीन बंद करून अर्ध्या तासाने बॅटरी मोजा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. रोजच ११.८ च्या खाली दिसत असेल तर पॅनल कमी पडतंय. अशी अर्धपोटी राहिलेली बॅटरी सल्फेट धरते (आतल्या प्लेटांवर कडक थर बसतो) आणि जास्त चार्जिंगने मरते तितक्याच खात्रीने मरते.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, २० अंशांच्या आसपास तिरकं लावा. सगळे सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाच सेलवर फांदीची सावली पडली तरी करंट एकदम खाली येतो. बॅटरी मात्र सावलीत हवी. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. पेटीला हवेची भोकंही ठेवा.

लिथियम बॅटरी घ्यायचा विचार असेल तर तिला बीएमएस (बॅटरीला जास्त भरण्या-उतरण्यापासून वाचवणारं आतलं सर्किट) आणि लिथियमची सेटिंग असलेला कंट्रोलर हवाच, तिथे थेट जोडणीचा विषयच नाही. आणि बॅटरी उतरली म्हणून एखाद्या रात्री कुंपणाला घरची लाईट जोडायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, त्यात माणसं गेली आहेत.

मशीनच्या लेबलवरचा करंट आणि रात्रीचे तास खाली लिहा, पॅनल किती वॅटचं लागेल ते काढून देतो.