हक्कसोड पत्र आणि सुकेळी

पत्र : माहेर वसईचं, लग्नानंतर मी बोरिवलीला आले. आम्ही दोघंच भावंडं. आई आधीच गेली, बाबा मृत्युपत्र न करता गेले. आता दादा वाडी बिल्डरला देतोय आणि हक्कसोड पत्रावर माझी सही मागतोय. म्हणतो, ‘देवानं तुला भरपूर दिलंय, कृतज्ञ राहा, लोभ धरू नकोस.’ वर बायबलमधला लूकचा बारावा अध्याय दाखवतो. नाताळला वहिनीनं पाठवलेली सुकेळी, म्हणजे घरची सुकवलेली केळी, मी रागानं परत पाठवली. चर्चमध्ये मिस्साला बसले तरी नजर तिच्या नव्या बांगड्यांवर जाते. मी लोभी झालेय का?

उत्तर : प्रिय ताई,

आधी एक सांगते, सही करू नका. आपल्याला ख्रिस्ती लोकांना लागू असलेला 1925 चा भारतीय वारसा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. तुम्ही लिहिलंय तसं असेल, तर वाडीत निम्मा वाटा तुमचा. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलंय का, ते तलाठ्याकडे जाऊन बघा आणि वकिलाला भेटा. त्रावणकोरच्या 1916 च्या कायद्यानं तिथल्या ख्रिस्ती मुलींना मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा 5,000 रुपये, यांतलं जे कमी तेवढंच मिळायचं. तिथल्याच मेरी रॉय त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि 1986 मध्ये जिंकल्या. हक्क मागणं म्हणजे हाव नव्हे.

दादांनी अध्याय दाखवला, पण पुढं वाचला नाही. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, ‘माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा.’ येशू वाटणीत पडत नाही, हे खरं. पण लोभापासून जपा, हे तो सगळ्यांनाच सांगतो. वतन धरून बसलेला भाऊही त्यात आला. आणि लगेच दाखला देतो त्यातला श्रीमंत शेतकरी कुणाकडं काही मागतच नाही. जमिनीनं भरभरून पीक दिलंय आणि तो माझी कोठारं, माझं धान्य एवढंच बोलतो, तेही स्वतःशीच. देणाऱ्याची त्याला आठवणही होत नाही. देवाचे आभार मानायचे म्हणून भावाच्या कागदावर अंगठा उठवायचा, असं शुभवर्तमानात कुठं लिहिलंय?

पण ताई, बांगड्यांचं वाचून मला काळजी वाटली. वाडीचा हिशेब तुमचा आहे, वहिनीच्या हाताचा नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलानं कलस्सैकरांना लिहिताना लोभाला मूर्तिपूजा म्हटलंय. समोर वेदी आणि डोळे त्या हाताकडं, हे तुम्हीच लिहिलंत, म्हणून सांगते. उद्या निम्मा वाटा पदरात पडला आणि तरीही वहिनीकडं जास्त दिसलं, तर रात्री झोप लागेल? याचं उत्तर मला कळवू नका, प्रार्थनेला बसाल तेव्हा द्या.

तोवर दादांना फोन करा. सही करणार नाही, हे आवाज न चढवता सांगा. मग वहिनीला फोनवर बोलवा आणि सुकेळी परत मागा. राजेळी केळी सोलून, दिवस दिवस उन्हात घालून, पानांत बांधून तिनं ती तुमच्यासाठी पाठवली होती. वाडी गेली, तर बाबांच्या केळींची ही शेवटचीच असतील.