‘तिथं मला कुणी ओळखतच न्हाई’

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न वरचेवर येतो. नवऱ्याला परराज्यात नोकरी लागली, मागोमाग बिऱ्हाड हललं, आणि वर्ष होत आलं तरी तिथं करमत नाही. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, आणि शेवटी हळूच म्हणतात, ‘मीच कमी पडते का?’ त्यांतल्याच एका ताईंची ही हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई मंगळवार पेठेतल्या. घरातच शिलाई मशीन, ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होता. त्याला कोइमतूरला चांगली जागा मिळाली. तेही कास्टिंगचं आणि पंपांचं गाव, त्यामुळे त्याचं काम तेच राहिलं, नुसती भाषा बदलली. चौथीतल्या मुलाला घेऊन तिघं हजारेक किलोमीटर लांब गेले. आठ महिन्यांनी ताई दिवाळीला आल्या आणि परत जायचं नाव काढेनात.

‘जेवण उतरत न्हाई मॅडम. नुसतं बसून ऱ्हातो दिवसभर,’ त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘येतो, जातो’ असंच बोलतात. कोइमतूरात हे बोलायला त्यांना घराबाहेर माणूस नव्हतं.

अशा वेळी मी आधी झोप, भूक आणि जगण्याबद्दलचे विचार नीट विचारून घेते. उदासी दोन आठवडे रोज, दिवसभर टिकून असेल, कशातच रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला मी थांबत नाही. ताईंचं तसं नव्हतं. सुट्टीत माहेरी दोन दिवसांत त्या पोटभर जेवायला लागल्या होत्या. तरी १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर त्यांना लिहून दिला. तो मोफत आहे, आणि कुठल्याही राज्यातून मराठीत बोलता येतं.

मग मी त्यांना कोल्हापुरातली एक सकाळ सांगायला लावली, उठल्यापासून बारापर्यंतची. दारातून जाणारी काकू विचारायची, ‘माझा ब्लाउज झाला का गं?’ कपिलतीर्थ मंडईतली भाजीवाली न सांगता मिरची बाजूला काढून ठेवायची. किराणावाला मुलाची चौकशी करायचा. बारापर्यंत नावाने हाक मारणारी चौदा माणसं निघाली. कोइमतूरची सकाळ सांगताना नवरा आणि मुलगा एवढीच दोन. त्या बोटं मोजता मोजता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तिथं मला कुणी ओळखतच न्हाई वो.’

कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली यावर लिहिलं होतं. परक्या मुलखात माणूस अस्वस्थ होतो, कारण रोजच्या वागण्यातल्या ओळखीच्या खाणाखुणा एकदम नाहीशा होतात: कुणाशी कसं बोलायचं, कधी हसायचं, कधी भाव करायचा. ताई तांबडा-पांढरा रस्सा तिथेही करत होत्या, मसाला इथूनच नेला होता. तरी करमत नव्हतं, कारण त्यांना रश्शाची नाही, त्या चौदा हाकांची ओढ होती. नवऱ्याला कारखान्यात पहिल्या दिवसापासून हुद्दा होता, मुलाला वर्ग होता. ताईंची ओळख मात्र मंगळवार पेठेतल्या त्या मशीनपाशीच राहिली होती. म्हणून ‘जुळवून घे’ हा सल्ला मला पटत नाही. ज्याचं काहीच गेलेलं नाही तो हे सहज म्हणतो.

माझा पहिला सल्ला अपुरा पडला, हेही सांगते. मी त्यांना मराठी माणसं शोधायला सांगितली. ताई कोइमतूरला परतल्यावर ती सापडलीही. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत आहेत. त्यांतल्या एका आजींनी ताईंना जेवायला बोलावलं, ‘मीबी दोन वर्षं रडले होते’ म्हणाल्या. ताईंचा रविवार सुधारला, पण सोमवार ते शनिवार तसेच राहिले.

म्हणून पुढच्या वेळी मी फार लहान काम दिलं. एकच दुकान, एकच वेळ, रोज. भाव करायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, फक्त जायचं. ताईंनी कोपऱ्यावरची फुलवाली निवडली. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ती गजरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून देते. तिथे त्याला ‘मुळम’ म्हणतात, आपल्याकडचा ‘हात’च की! शिवणकाम करणाऱ्या बाईला माप कळणारच. ताईंनी आपला हात पुढे करून मोजून दाखवलं. फुलवाली हसली आणि म्हणाली, ‘अक्का!’ ताईंच्या आजोळी थोरल्या बहिणीला आक्काच म्हणतात. त्या रात्री त्यांनी मला फोन केला तो एवढं सांगायला.

इकडच्या घरच्यांनाही मी बोलावलं. आई, सासूबाई, नणंद, दोन मावश्या रोज फोन करून विचारायच्या, ‘करमतंय का गं?’ रोज पाच वेळा हे विचारलं तर पाच वेळा ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि ते ‘नाही’ पक्कं होत जातं. मी म्हटलं, फोन करा, पण ‘आज कोण भेटलं?’ असं विचारा. सासूबाईंना आधी हे पटलं नाही. ‘काळजी करू नये व्हय?’ म्हणाल्या. करावी की. पण लेकीसुनेला सांगायला काहीतरी मिळेल असं विचारावं.

मुलगा कधीच रुळला होता. तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने शाळेत तमिळ सक्तीची झाली, तेव्हा त्याला शिकणं भागच होतं. ‘आई, ह्यांच्याकडं क, ख, ग, घ ला एकच अक्षर हाय!’ ह्या आनंदात तो आईला रोज दोन अक्षरं शिकवायचा. मूल पुढे गेलं की आईला कधीकधी जास्तच एकटं वाटतं. तेही ताईंनी बोलून दाखवलं, आणि ते मला महत्त्वाचं वाटलं.

एक दुःख राहिलंच. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर ठेवायची तर तिथली नोंदणी करावी लागते, त्यासाठी इथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो. स्कूटरवरचं एमएच ०९ जाणार म्हणून ताई खूप रडल्या. नवरा म्हणाला, नंबरप्लेटसाठी काय रडतेस! मी त्याला सांगितलं, रडू द्या. जुनी पाटी त्यांनी मशीनच्या खणात ठेवली आहे.

मशीन पाडव्यानंतर इथून ट्रान्सपोर्टने गेलं. आमचं बोलणं अजून चालू आहे, दर गुरुवारी चारला, फोनवर. मागच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, ‘मॅडम, चारची वेळ बदलूया का? फुलवाली तिच्या जावेला घेऊन येत्या, माप द्यायला.’